स्टेट (वेब पेजमधलं)

स्टेट म्हणजे वेब पेजने या क्षणी जे काही लक्षात ठेवलंय ते, कुठला टॅब उघडा आहे, बॉक्समध्ये काय टाईप केलंय, टोपलीत काय काय टाकलंय. रिअ‍ॅक्ट (२०१३) किंवा व्ह्यू (२०१४) ही वेब पेज बनवायची तयार साधनं वापरताना आपण पेज हाताने बदलत नाही, स्टेट बदलतो आणि पेज त्याप्रमाणे आपोआप बदलतं. (रिअ‍ॅक्ट स्वतःला लायब्ररी म्हणवतं, पण बोलताना सगळे फ्रेमवर्कच म्हणतात.) त्यामुळे स्टेट नीट मांडलं की निम्मं काम झालं.

समजा इंदूरला रामबागेतल्या एक काकू दिवाळीचा फराळ ऑर्डरवर करतात आणि त्यांचं पेज बनवायचंय. चकली, अनारसे, शंकरपाळे आणि प्रत्येकापुढे किती किलो तो आकडा आणि सूचना लिहायचा बॉक्स. इथे स्टेट म्हणजे फक्त हे किलो आणि त्या सूचना. एकूण बिल स्टेटमध्ये ठेवायचंच नाही, दर वेळी किलो आणि भावावरून काढायचं, कारण एकच गोष्ट दोन जागी ठेवली की कधीतरी एक बदलते आणि दुसरी तशीच राहते, मग चकली काढून टाकली तरी बिलात तिचे पैसे दिसत राहतात आणि काकू बिचाऱ्या फोनवर समजावत बसतात.

सगळ्यात जास्त चुकते ती लिस्टची की (key), म्हणजे कुठली ओळ कुठली हे फ्रेमवर्कला कळावं म्हणून प्रत्येक ओळीला दिलेली खूण. की म्हणून ओळीचा नंबर दिला आणि पहिली ओळ चकलीची काढली तर अनारसे पहिल्या नंबरवर येतात, फ्रेमवर्कला वाटतं ही तीच जुनी ओळ आहे, आणि चकलीच्या बॉक्समध्ये लिहिलेलं "तिखट कमी" आता अनारशांपुढे दिसतं! म्हणून प्रत्येक पदार्थाला कायमचा आयडी द्यायचा. पदार्थाचं नावही की म्हणून नको, इंदूरला गिऱ्हाईक मराठी तसं हिंदी पण, भाषा बदलली की शंकरपाळ्यांचे शक्करपारे होतात आणि भरलेला आकडा गायब.

रिअ‍ॅक्टमध्ये जुन्याच अ‍ॅरेत (म्हणजे यादीत) पुश करू नये, म्हणजे शेवटी नवीन गोष्ट जोडू नये, त्याला बदल कळत नाही, नवीन अ‍ॅरे करून द्यावा. व्ह्यूमध्ये जुन्यात पुश केलेलं चालतं.

रिफ्रेश केलं की स्टेट जातं, तेव्हा अर्धी भरलेली ऑर्डर लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत) ठेवावी, म्हणजे मधेच लाईट गेली तरी परत भरावी लागत नाही. भाव मात्र सर्व्हरवरूनच घ्यायचा आणि बिल पण तिथेच परत मोजायचं, ब्राउझरमधला आकडा कोणीही बदलू शकतो.