संरक्षण मंडळ ते संचालक मंडळ : ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल संस्थांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात एखाद्या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, आरोग्य केंद्राच्या किंवा घरबांधणी संस्थेच्या संचालक मंडळावर कुणी निवडून आलं की त्याला आधी शिकवतात ते नेहमीचंच : जमाखर्च वाचायला शिका, हितसंबंध लपवू नका, व्यवस्थापकाच्या रोजच्या कामात लुडबूड करू नका. जगातल्या कुठल्याही संचालकाला हेच सांगतात. पण त्या खुर्चीला तिथे जो इतिहास चिकटलेला आहे तो इतरत्र नाही.

सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये १८८३ साली ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन बोर्ड स्थापन झालं. नाव संरक्षणाचं, सदस्य सगळे गोरे. १९०९ च्या कायद्याने त्याच्या हाती खरे अधिकार आले आणि पोलीस दलाचा प्रमुख त्याचा पदसिद्ध अध्यक्ष झाला. पीठ, साखर, चहाचा शिधा आणि कांबळी कुणाला द्यायची, राखीव वस्तीत कुणी राहायचं, कुणाला बाहेर काढायचं, सगळं हेच मंडळ ठरवी. १९१५ च्या दुरुस्तीनंतर तर मूल आईबापांकडून काढून न्यायला कोर्टापुढे हेळसांड सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. आज मंडळावर बसणाऱ्या अनेकांच्या आज्या-पणज्यांनी मंडळ पाहिलं ते असं, टेबलाच्या पलीकडून.

विल्यम फर्ग्युसन हा मेंढ्यांची लोकर कातरणारा, कामगार संघटनेत तयार झालेला ॲबोरिजिनल माणूस. त्याने १९३७ मध्ये डबो या गावी ॲबोरिजिन्स प्रोग्रेसिव्ह असोसिएशन काढली. २६ जानेवारी १९३८ ला सिडनी गोऱ्या वसाहतीची दीडशे वर्षं साजरी करत असताना त्याने आणि त्याचा सहकारी जॅक पॅटनने त्याच शहरात शोक दिनाची सभा घेतली. मंडळ बरखास्त करा, ही त्यांची मागणी होती. सरकारने १९४० मध्ये नाव तेवढं बदलून वेल्फेअर बोर्ड केलं, आणि १९४३ च्या दुरुस्तीने त्यात ॲबोरिजिनल लोकांसाठी दोन जागा दिल्या. पहिल्या दोन सदस्यांत फर्ग्युसनच होता. अधिकाऱ्यांनी भरलेल्या खोलीत दोन मतांनी काय होणार? शेवटी त्याने १९४९ ची संघीय निवडणूक अपक्ष म्हणून लढवली, आणि जानेवारी १९५० मध्ये तो गेला. ते मंडळ मात्र १९६९ पर्यंत टिकलं.

ते बंद झाल्यावर वर्षभरातच उलट्या दिशेने सुरुवात झाली, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. सिडनीच्या रेडफर्न वस्तीत पोलीस तरुणांना उठसूट पकडून नेत. त्यावर उपाय म्हणून १९७० मध्ये तिथे ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिस उभी राहिली आणि १९७१ मध्ये मेडिकल सर्व्हिस. गोरे वकील-डॉक्टर मदतीला आले, पण कारभार समाजाच्या हाती राहिला. मेलबर्नच्या फिट्झरॉयमध्ये १९७३ ला आरोग्य सेवा निघाली तीही याच वाटेने. सरकारी परवानगीची वाट कुणी पाहिली नाही. ‘कम्युनिटी कंट्रोल’ ही कल्पना कागदावर येण्याआधी रस्त्यावर तयार झाली.

कागद मागाहून आले. १९७२ पासून केंद्र सरकारचं धोरण स्वयंनिर्णयाचं झालं, अनुदानं वाढली, आणि अनुदान घ्यायचं तर नोंदणीकृत संस्था हवी. त्यासाठी १९७६ मध्ये ॲबोरिजिनल संस्थांचा स्वतंत्र कायदा झाला. नियम आपल्या रूढीप्रमाणे ठेवण्याची मुभा त्यात होती. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच ठिकाणी तयार नमुन्यातले नियमच उचलले गेले, आणि कुळांचे, वडीलधाऱ्यांचे निर्णय एकीकडे नि समितीचे ठराव दुसरीकडे अशी फारकत झाली. १९९६ च्या फिंगल्टन अहवालाने या कायद्यावर बरीच टीका केली.

त्याची जागा २००६ च्या नव्या कायद्याने घेतली. तो १ जुलै २००७ ला लागू झाला. बहुसंख्य संचालक ॲबोरिजिनल किंवा टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे असलेच पाहिजेत, बहुसंख्य संचालक संस्थेचे नोकर नसावेत, संचालकाची मुदत एका वेळी दोन वर्षांहून जास्त नसावी, आणि संस्था डबघाईला आली तर या संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी रजिस्ट्रारने विशेष प्रशासक नेमावा, अशी त्याची चौकट आहे. सहकारी बँकेवर प्रशासक बसलेला पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अडचण येते ती हितसंबंधांच्या कलमापाशी. पाच-सहा घराण्यांच्या गावात संस्थेची गाडी दुरुस्त करण्याचं कंत्राट निघतं आणि गॅरेज एका संचालकाचंच असतं. अशा वेळी ते उघड करायचं, सहसा चर्चा आणि मतदान सोडून बाहेर जायचं, आणि इतिवृत्तात तशी नोंद करायची. इथवर ठीक. पण अर्जदार भाचा असेल, तर मदत न करणं हाच नात्यातला गुन्हा ठरतो. कायदा आणि नातं दोन्ही खरे, आणि संचालकाला दोन्हींना तोंड द्यायचं. शिवाय वस्तीत कुणी गेलं तर दुखवट्यात बैठक पुढे ढकलली जाते. कॅनबेराहून अहवालाची तारीख विचारणाऱ्या अधिकाऱ्याला ते पटतंच असं नाही.

मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा पूर्वापार हक्क (नेटिव्ह टायटल) मान्य करणाऱ्या १९९२ च्या माबो निकालानंतर आणि १९९३ च्या नेटिव्ह टायटल कायद्यानंतर आणखी एक प्रकार निर्माण झाला : जमिनीचे हक्क सांभाळणाऱ्या संस्था. इथे मंडळाचे हात मुद्दाम बांधलेले आहेत. पूर्वापार हक्क सोडून देण्यासारखा निर्णय संचालकांनी आपसात घ्यायचा नाही. हक्कदारांना विचारायचं, आणि त्यांच्यात पारंपरिक निर्णयपद्धत असेल तर ती पाळायची. १९७६ मध्ये जे कागदावरच राहिलं ते निदान या एका बाबतीत बंधनकारक झालं.

मूळ रहिवासी आणि इतर यांच्या जीवनमानातली दरी कमी करण्यासाठी झालेल्या जुलै २०२० च्या ‘क्लोजिंग द गॅप’ राष्ट्रीय कराराने समाजाच्या ताब्यातल्या संस्था बळकट करणं हे चार प्राधान्य सुधारणांपैकी एक ठरवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या केंद्र सरकारच्या सल्लागार संस्थेने आढावा घेतला तेव्हा ठपका आला तो सरकारांवर : वचनं दिली, पण काम करण्याची पद्धत फारशी बदलली नाही.