काट्याला नेमकं कुठलं तापमान कळतं?

गुऱ्हाळावरचा गुळव्या कढईतला पाक थेंबावरून ओळखतो. थंड पाण्यात थेंब टाकायचा, बोटांत गोळी वळते का बघायची. गूळ वाहणाऱ्या आमच्या जुन्या पिकअपच्या इंजिनातही असाच एक गुळव्या बसलाय. बोटाच्या पेराएवढा, पितळी. त्याचं नाव टेम्परेचर सेन्सर.

मागच्या हंगामात वैभववाडीकडून करूळ घाट चढताना बॉनेटमधून वाफ यायला लागली, तरी डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा तळाशी निवांत. इंजिन गार झाल्यावर पाणी भरून कशीबशी कोल्हापूर गाठली. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी चावी ऑन ठेवून सेन्सरची एकुलती वायर काढली आणि क्षणभर इंजिनच्या लोखंडाला टेकवली. काटा सरसर लाल पट्टीत! "मीटर बरा हाय, वायर बी बरी हाय. सेन्सर गेलाय मालक."

ही जादू नव्हे. सेन्सरच्या पोटात मँगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडची भाजलेली गोळी असते. तांब्याची तार तापली की तिचा विद्युत रोध वाढतो. या गोळीचा उलट घटतो, कारण उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांना एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारणं सोपं जातं. असं उलटं वागणं मायकेल फॅरेडेने 1833 मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये टिपलं होतं. नवा सेन्सर मी घरी मल्टिमीटर लावून पातेल्यात बुडवला. नळाच्या पाण्यात 500 ओहमच्या आसपास, उकळत्या पाण्यात जेमतेम 40. (कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी 98 अंशांनाच उकळतं.)

म्हणजे रोध कमी तर काटा वर. वायर लोखंडाला टेकवली की रोध जवळजवळ शून्य, काट्याच्या लेखी आग. सेन्सर आतून तुटला की रोध अमर्याद, काट्याच्या लेखी माघातली पहाट. सेन्सर मरतो तो बहुधा असा 'सगळं गार आहे' म्हणत, आणि मला यातलं सगळ्यात वाईट हेच वाटतं.

तो बसवतात थर्मोस्टॅटजवळ, म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेजवळ, कारण इंजिनातलं सगळ्यात गरम पाणी तिथून बाहेर पडतं. जागा शास्त्रशुद्ध, पण आमच्या गाडीत वरून हवेचा पाइप, बाजूला ब्रॅकेट. दिसत काही नाही, पाना बोटांच्या अंदाजाने लावायचा आणि एकावेळी पाव फेरा. इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना आतलं पाणी दाबाखाली असतं, उघडताक्षणी वाफ होऊन अंगावर येतं.

नवा सेन्सर बसवताना मी शहाणपणा केला. गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले. काटा हलेना. एका वायरच्या सेन्सरचा परतीचा रस्ता आट्यांमधूनच इंजिनात जातो, आणि तो मी टेपने बंद केला होता. मिस्त्री हसले, बोलले काही नाहीत.

टेप काढून पुन्हा बसवला. काटा थोडा चढला, अचानक पडला, परत उसळला. आता सेन्सर खरंच सांगत होता, पण पाण्याचं नव्हे, टोकाशी अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याचं. गाडीचं तोंड चढाला लावून, गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून ती चालू केली. बुडबुड करत हवा निघाली, अर्धा लिटर कूलंट आणखी बसलं, आणि काटा निम्म्यावर येऊन थांबला.