गुन्हेतपासाची एस्केप रूम

चार ते सहा जणांनी ठरावीक वेळेत, बहुधा ६० मिनिटांत, खोलीतले पुरावे जुळवून गुन्ह्याचा छडा लावण्याचा खेळ. प्रत्यक्ष खोलीतली एस्केप रूम २००७ मध्ये जपानमधील क्योतो येथे स्क्रॅप या कंपनीने सुरू केली.

या प्रकाराची खरी गोडी एकाच गोष्टीत आहे : प्रत्येक कुलूप पुराव्याने उघडले पाहिजे. मृताच्या टेबलावरचे सुडोकू सोडवून पेटी उघडली, तर कोडे सुटते, तपास मात्र तसूभरही पुढे सरकत नाही. याउलट, भिंतीवरून पडलेले घड्याळ ९.४० वर थांबलेले आहे, भाचा जबाबात नऊच्या गाडीने गेल्याचे सांगतो आणि त्याच्या कोटाच्या खिशात १०.१५ च्या गाडीचे तिकीट सापडते. १०१५ हा आकडा पेटी उघडतो आणि त्याच क्षणी भाच्याचा खोटेपणाही उघडा पडतो. हे खेळाडूंनी स्वतःच हेरलेले असते.

सगळी कोडी एका रांगेत लावली की दोघे खेळतात, बाकीचे बघत उभे राहतात. म्हणून सुरुवातीला दोन-तीन धागे एकाच वेळी मोकळे ठेवून ते शेवटी एकत्र आणावेत. पत्रे चार-पाच ओळींचीच असावीत. पानभर मजकूर सहा जणांना एकदम वाचता येत नाही, त्यात वातावरणासाठी दिवे मंद केले तर अक्षरही लागत नाही. टेबलावर एक चांगला दिवा हवाच.

तीन आकडी कुलपाचे दोन आकडे कळले की तिसरा दहा प्रयत्नांत सापडतो आणि एक पुरावा न पाहताच मागे राहतो. शेवटच्या आरोपाचेही तेच. चार संशयितांपैकी एकाचे नाव अंदाजाने बरोबर येऊ शकते. हत्यार आणि हेतूही चार-चार पर्यायांतून विचारला, तर शक्यता ६४ होतात.

आधीच्या गटाचा एक कागद चुकीच्या खणात राहिला तरी पुढचा गट अडकतो, त्यामुळे प्रत्येक खेळानंतर यादी घेऊन खोली लावतात. गट पाच-सहा मिनिटे अडला तर खेळ चालवणाऱ्या गेममास्टरने उत्तर न सांगता नजर वळवावी : ‘कोट नीट पाहिलात का?’

बाहेरचे दार मात्र खेळाचा भाग कधीच नसावे. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडमधील कोशालिन येथे एस्केप रूमला लागलेल्या आगीत पाच मुली दगावल्या. दार आतून केव्हाही उघडले पाहिजे. विद्युतचुंबकीय कुलूप असेल, तर वीज जाताच ते सुटते याची चाचणी नियमित घ्यावी.