जीझस लिझर्ड आणि १९९५ची सही

नॉइझ रॉक, म्हणजे मुद्दाम कर्कश, गोंगाटी ठेवलेलं रॉक, ऐकणाऱ्यांत द जीझस लिझर्डचा विषय निघाला की गाडी हमखास १९९५वर येऊन थांबते. शिकागोच्या या बँडने त्या वर्षी आपलं स्वतंत्र लेबल (तबकड्या काढणारी छोटी कंपनी) सोडलं आणि एका बलाढ्य कंपनीशी करार केला. बँड तिथेच विकला गेला आणि तिथेच संपला, असं मानणारा एक गट आजही आहे. मला तो हिशोब फार सोपा वाटतो.

आधीचा इतिहास मोजकाच आहे. गायक आणि बासवादक १९८७पर्यंत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या स्क्रॅच ॲसिडमध्ये एकत्र होते. तो बँड मोडल्यावर त्यांनी एका गिटारवादकाबरोबर नवा डाव मांडला आणि मुक्काम शिकागोला हलवला. १९८९च्या ‘प्युअर’ या छोट्या तबकडीवर ड्रमरच नाही, सगळं काम ड्रम मशीनवर भागवलंय. माणूस ड्रमर आला तो त्यानंतर, आणि माझ्या मते बँड खरा जन्मला तोही तेव्हाच.

पुढचे चार अल्बम म्हणजे ‘हेड’ (१९९०), ‘गोट’ (१९९१), ‘लायर’ (१९९२) आणि ‘डाउन’ (१९९४). चारही एकाच ध्वनिमुद्रकाने मुद्रित केले. स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायला त्याचा नकार असे आणि रॉयल्टीही तो घेत नसे. बास आणि ड्रम थेट छातीवर येतात, गिटार मधूनच चिरत जाते, आणि गायकाचा आवाज इतका मागे ठेवलाय की शेजारच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकू यावं तसे शब्द पोचतात. मैफलीत मात्र उलटं. गायक दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यालाच गर्दीच्या हातांवर आडवा, माइकची वायर मागून ओढली जातेय, तरी ओळी सुटत नाहीत. आणि मंचावर उरलेले तिघे जवळपास जागचे न हलता, मोजूनमापून वाजवत असतात. गोंधळ एकाच माणसाच्या वाट्याला दिलेला, बाकी सगळी शिस्त.

१९९१मध्ये निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ अल्बम तुफान खपला आणि मोठ्या कंपन्यांची माणसं तळघरातल्या मैफलींना दिसू लागली. १९९३च्या फेब्रुवारीत निर्वाणा आणि जीझस लिझर्डची एका तबकडीच्या दोन बाजूंवर जोडतबकडी आली, आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत ती १२व्या क्रमांकावर पोचली. अर्थात खरेदीदार कुणामुळे आले हे उघड आहे.

आता तो करार. शिकागोच्या जुन्या लेबलचा व्यवहार तोंडी होता. खर्च वजा जाता उरेल ते निम्मं-निम्मं, कागदावर काही नाही. मोठ्या कंपनीकडे आगाऊ रक्कम हातात पडते खरी, पण ती आणि मुद्रणाचा खर्च बँडच्याच रॉयल्टीतून वळता होतो, शिवाय व्हिडिओ आणि दौऱ्याच्या खर्चातलाही वाटा त्यात धरतात. ते फिटेपर्यंत विक्रीतून बँडच्या खिशात काही येत नाही. म्हणूनच जुन्या सोबत्यांना हा निर्णय झोंबला. त्यांच्या लेखी तोंडी शब्दावर चालणं हीच स्वतंत्र लेबलांच्या चळवळीची कमाई होती.

पण दोन गोष्टी या भांडणात सोयीस्करपणे गळतात. १९९४चा ‘शो’ हा न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबमधला थेट मुद्रित अल्बम एका बड्या समूहाशी जोडलेल्या कंपनीकडूनच निघाला होता, म्हणजे उंबरठा आधीच ओलांडलेला होता. आणि १९९५मध्ये गायक पस्तिशीत होता, पाठीशी वर्षानुवर्षांचे दौरे होते. अशा माणसाने चार पैसे घेतले तर त्यात पाप कसलं?

त्याच उन्हाळ्यात ते लोलापलूझा या फिरत्या संगीत महोत्सवाच्या मुख्य मंचावर भरदुपारी वाजवत होते. अंधाऱ्या क्लबात अंगावर येणारं संगीत तिथे मैदानात विरलं असणार. ‘शॉट’ (१९९६) आला तेव्हा तो जुना ध्वनिमुद्रक सोबत नव्हता, आणि गायकाचा आवाज पुढे आणलेला जाणवतो. तरी अल्बम वाईट नाही, उगाच बदनाम झालाय. खरा घाव त्यानंतरचा: ड्रमर बाहेर पडला. ‘ब्लू’ (१९९८) ऐकताना सहीपेक्षा त्याची उणीव जास्त टोचते. १९९९मध्ये बँडने गाशा गुंडाळला.

२००९मध्ये चौघे पुन्हा उभे राहिले, ड्रमरसकट. सुरुवातीचे अल्बम नव्याने मास्टर करून (जुन्या मुद्रणाचा आवाज पुन्हा घासूनपुसून) जुन्या लेबलनेच बाजारात आणले. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्या लेबलने आपला पसारा बराच आवरता घेतला होता. पुढे अधूनमधून मैफली होत राहिल्या, नवं काही मात्र येईना. अखेर १३ सप्टेंबर २०२४ला ‘रॅक’ आला, ‘ब्लू’नंतर २६ वर्षांनी. या वेळी लेबल पुन्हा स्वतंत्रच, पण कॅलिफोर्नियातलं. ड्रमही त्याच जुन्या ड्रमरचे. आणि इंग्रजीत चार अक्षरी नाव ठेवायची खोडही सुटलेली नाही.