टेन्शन या एका शब्दाआड

बरीच वर्षं मनाच्या प्रत्येक बिघाडाला माझ्याकडे एकच शब्द होता: टेन्शन. काम रखडलं की टेन्शन, आईने फोन उचलला नाही की टेन्शन, मैत्रीण बोलता बोलता काही लागेल असं बोलून गेली तरी टेन्शनच. त्या मैत्रिणीच्या बोलण्यावरून एकदा रात्री झोप येईना. उठून बसले. तिचा राग आलाय, असं मी धरूनच चालले होते. पण जरा शांतपणे आत पाहिलं, तर राग वरवरचाच होता. ती बोलली ते खरं होतं आणि मला त्याची लाज वाटत होती. ‘लाज’ हा शब्द सापडला आणि छातीवरचं दडपण सैल झालं. परिस्थिती तीच होती, मला फक्त माझ्या भावनेचं नाव कळलं होतं.

असं का व्हावं, याचा शोध घेताना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या प्रयोगापर्यंत पोहोचले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३० जणांना एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या यंत्रात झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले होते. कधी चेहऱ्यावरच्या भावनेचा शब्द निवडायचा, तर कधी त्याच चेहऱ्याला शोभेल असं बाईचं किंवा पुरुषाचं नाव. भावनेचा शब्द निवडताना अमिग्डालाची हालचाल मंदावली. धोक्याची चाहूल लागताच जागा होणारा, मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेला हा बदामाएवढा भाग. त्याच वेळी कपाळामागच्या उजव्या बाजूचा, भाषा आणि आवर यांच्याशी निगडित भाग अधिक काम करू लागला. चेहऱ्याला माणसाचं नाव दिल्यावर मात्र हा परिणाम दिसला नाही. म्हणजे शब्द भावनेचाच हवा.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण त्यात खरीखुरी भीती आहे. २०१२ सालच्या या प्रयोगात कोळ्यांना घाबरणारे ८८ जण होते. त्यांना टॅरँट्युला जातीच्या जिवंत कोळ्याजवळ नेलं. एका गटाने आपली भीती मोठ्याने, आहे तशी बोलून दाखवायची: हा किळसवाणा कोळी माझ्या अंगावर उडी मारेल अशी मला भीती वाटतेय. दुसऱ्या गटाने तो काही करत नाही अशी स्वतःची समजूत घालायची, तिसऱ्याने भलत्याच विषयावर बोलायचं, चौथ्याने काहीच बोलायचं नाही. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर उभं केल्यावर भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या तळहातांना सुटणारा घाम इतर गटांपेक्षा कमी होता, आणि ते कोळ्याच्या थोडे अधिक जवळही गेले. विशेष म्हणजे ‘किती भीती वाटतेय?’ असं विचारल्यावर चारही गटांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. शरीर निवळलं होतं, मनाला अजून त्याचा पत्ता नव्हता.

आपण एरवी दुसऱ्याला काय सांगतो? ‘दुर्लक्ष कर’, ‘एवढं काही नाही त्यात’. म्हणजे नेमके दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे उपाय. भावनेचं नाव घेतलं तर ती आणखी उफाळेल, असं आपल्याला मनापासून वाटतं. लीबरमन यांच्या आणखी एका अभ्यासात सहभागी लोकांचाही हाच अंदाज होता, आणि तो चुकला.

ध्यानाच्या परंपरेत ही गोष्ट फार आधीपासून आहे. विपश्यनेच्या काही पद्धतींत मनात उठणाऱ्या गोष्टीची फक्त नोंद घ्यायला शिकवतात: विचार, दुखणं, राग. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा (माइंडफुलनेसचा) कार्यक्रम सुरू केला. पुढे ८ आठवड्यांचा म्हणून जगभर पोहोचलेल्या या कार्यक्रमाचा गाभाही तोच: जे आहे ते पाहायचं, त्याच्याशी झटापट करायची नाही.

इथे मराठीची मला मोठी मदत होते. आपण म्हणतो, मला राग आला, मला भीती वाटते. राग येतो, म्हणजे तो जातोही. इंग्रजीत ‘आय ॲम अँग्री’ म्हणतात, जणू माणूस स्वतःच राग ‘असतो’. शिवाय आपल्याकडे शब्द किती आहेत! निकालाआधी होते ती धाकधूक, करायचं राहून गेल्यावर लागते ती चुटपुट, तेच तेच सोसून येतो तो वैताग, आणि वर्षानुवर्षं आत टोचत राहतो तो सल. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांनी भावनांमधले असे बारकावे ओळखण्याच्या क्षमतेचा बराच अभ्यास केला आहे. बारकावा कळला की पुढचं पाऊलही सुचतं, असं माझंही मत आहे. चुटपुट एका फोनने संपू शकते. वैतागाला विश्रांती लागते. दोन्हींना टेन्शन म्हटलं, की हाताला काहीच लागत नाही.

नाव देणं वेगळं आणि उगाळणं वेगळं, हे मात्र मी ठेच लागल्यावर शिकले. ‘वाईट वाटतंय’ ही नोंद झाली. ‘माझ्याच वाट्याला हे का’ इथे दळण सुरू होतं. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी अशा दळणाचा आणि नैराश्याचा संबंध अनेक वर्षं अभ्यासला. दळण दळत राहिलं की उदासी लांबते. आणि दोन आठवडे सलग मन खचलेलं असेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर शब्द शोधत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं झालं असेल, तर दोन आठवडेही थांबू नका.

कधी कधी मला शब्द सापडतच नाही. मग शरीरात कुठे काय होतंय तेवढंच टिपून ठेवते. मध्यंतरी दोन दिवस घशाशी काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. काळजी म्हणून पाहिलं, बसेना. थकवा म्हणून पाहिलं, तोही नाही. तिसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना सापडला: हुरहूर. लेक शिकायला बाहेरगावी जायला अजून एक महिना होता.