गिरगाव (भुयारी मेट्रो स्थानक व परिसर)

गिरगाव : दक्षिण मुंबईतील जुनी मराठी वस्ती आणि तिच्या पोटात असलेले मुंबई मेट्रो मार्गिका 3 वरील भुयारी स्थानक. कफ परेड ते आरे ही मार्गिका 33.5 किमी लांब असून तिच्या 27 स्थानकांपैकी फक्त आरे जमिनीवर आहे. आचार्य अत्रे चौक ते कफ परेड या शेवटच्या टप्प्याचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले, त्यात गिरगावही सुरू झाले. काळबादेवी व ग्रँट रोड ही शेजारची स्थानके.

वरचा रस्ता जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाचा. नाना (1803–65) ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पहिल्या संचालकांपैकी होते, तेव्हा या रस्त्याखालून गाडी धावते हे समर्पकच म्हणायचे. आजूबाजूला फणसवाडी, मुगभाट, कांदेवाडी, केळेवाडी, आंबेवाडी अशा वाड्या. चाळींत लाकडी जिना, मजलाभर सामाईक गॅलरी, टोकाला संडास आणि एक-दोन खोल्यांत अख्खा संसार. कोकणातून नोकरीसाठी आलेल्या चाकरमान्यांनी, कारकुनांनी, मास्तरांनी या खोल्या भरल्या. केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक गणेशोत्सव 1893 पासूनचा. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह आहे, तर खोताची वाडी तिथल्या ईस्ट इंडियन कुटुंबांच्या लाकडी सज्जांच्या घरांसाठी ओळखली जाते. पाडव्याची शोभायात्रा आता गिरगावची खूणच झाली आहे. जागा अपुरी पडू लागली तशी अनेक कुटुंबे बोरिवली, डोंबिवली, विरारकडे गेली, पण सणाला पाय इकडेच वळतात.

स्थानक बांधताना खरी अडचण रस्त्याच्या रुंदीची होती. एरवी रस्ता वरून उघडून खड्डा खणतात आणि त्यात स्थानक बांधून वर छत घालतात. इथे दोन्ही कडांना इमारती अगदी रस्त्याला लागून, त्यामुळे ती सोय नव्हती. म्हणून काही इमारती हटवून मोकळ्या झालेल्या जागेत विहिरीसारखी उभी विवरे खणली आणि तिथून आडवे शिरत खडक थोडाथोडा फोडून फलाटांची पोकळी तयार केली. प्रत्येक टप्प्याला उघड्या खडकावर लगेच काँक्रीट फवारायचे, खडकात बोल्ट ठोकायचे, मगच पुढचा घास घ्यायचा. या पद्धतीला न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड म्हणतात. ती वेळखाऊ आहे, पण माथ्यावर जुन्या, भार पेलणाऱ्या भिंतींच्या आणि लाकडी तुळयांच्या चाळी असताना घाई करणे परवडणारे नव्हते.

या कामाची सर्वांत मोठी किंमत भाडेकरूंनी मोजली. पिढ्यान्‌पिढ्यांची खोली सोडायची म्हणजे शेजार, मंडळ, मुलांची शाळा, वाण्याची उधारी सगळेच सोडायचे. रहिवाशांनी कडाडून विरोध केला. पुनर्वसन गिरगाव-काळबादेवीतच करण्याचे धोरण ठरले, ते याच आग्रहामुळे. माहुल किंवा मानखुर्दला मोठी खोली मिळाली असती, तरी गिरगावकराला ती भरपाई वाटली नसती. हा हट्ट नव्हे, रास्त मागणी होती. त्यामुळे या स्थानकाचा हिशेब करताना वाचलेल्या मिनिटांइतकेच, मूळ जागी परतलेल्या कुटुंबांनाही मोजले पाहिजे.

प्रवाशांच्या दृष्टीने मोठा फरक पडला तो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाण्यात. पश्चिम रेल्वेचे चर्नी रोड गिरगावातून पायी गाठता येते, पण कोकणात जाणाऱ्या कोकणकन्या आणि मांडवी या गाड्या सुटतात टर्मिनसहून. मेट्रोने ते काळबादेवीनंतरचेच स्थानक असल्याने, बोचकी आणि म्हातारी माणसे घेऊन गावी निघालेल्यांना टॅक्सीसाठी कोपऱ्यावर ताटकळावे लागत नाही.