साइडबार विजेट

साइडबार विजेट : ब्लॉगच्या मुख्य मजकुराशेजारच्या उभ्या पट्टीत बसवलेला छोटा, स्वतंत्र घटक. शोधपेटी, लेखकाचा परिचय, ताज्या पोस्टची यादी, विषयवार वर्गवारी, महिनावार संग्रह, ईमेल वर्गणीची पेटी हे त्याचे नेहमीचे प्रकार. ब्लॉगर या गुगलच्या ब्लॉगसेवेवर त्यालाच गॅजेट म्हणतात.

ब्लॉगर १९९९ साली सुरू झाले, तेव्हा ही पट्टी हातानेच लिहावी लागे. टेम्प्लेटच्या, म्हणजे पानाच्या साच्याच्या, एचटीएमएल संकेतात शिरून एकेक दुवा टंकायचा. एखादा टॅग, म्हणजे त्या संकेतातली कंसातली खूण, बंद करायचा राहिला की सगळे पान विस्कटे. ब्लॉगरने २००६ मध्ये चौकोन ओढून जागेवर सोडण्याची सोय दिली. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगप्रणालीत विजेट आधी प्लगइन, म्हणजे वेगळी जोडायची पुरवणी, म्हणून आले आणि मे २००७ च्या २.२ आवृत्तीपासून मूळ प्रणालीत सामावले. जोडणे इतके सोपे झाल्यावर घड्याळे, भेटगणक, हवामानाच्या पाट्या यांची पट्टीत दाटी झाली. त्यांतले बहुतेक ब्लॉगलेखकाच्या हौसेसाठी होते. वाचकाला त्यांचा उपयोग नव्हता.

पट्टीत काय ठेवावे हे वाचक कोणत्या दाराने आत येतो त्यावर ठरते. शोधयंत्रातून आलेला माणूस मुखपृष्ठ पाहतच नाही, थेट एखाद्या जुन्या पोस्टवर उतरतो. हे लिहिणारा कोण आणि याच विषयावर आणखी काय आहे, एवढेच त्याला हवे असते. म्हणून दोन ओळींचा परिचय आणि लेखकाने स्वतः निवडलेल्या पाच-सहा पोस्टची यादी बाकीच्या दहा विजेटांना भारी पडते. ‘ताज्या पोस्ट’ मुखपृष्ठावर तर निरर्थकच, कारण तीच शीर्षके शेजारच्या स्तंभात ओळीने दिसत असतात. ‘लोकप्रिय पोस्ट’चा दोष वेगळा आहे. कालावधी ‘आजवर’ असा ठेवला तर जे आधीच वाचले गेले तेच वर राहते आणि वर राहिल्याने पुन्हा वाचले जाते. गेल्या महिन्यापुरते मोजले तर यादी थोडीफार हलती राहते. महिनावार संग्रह रोजनिशीसारख्या ब्लॉगला शोभतो. पाककृतींच्या ब्लॉगवर ‘मार्च (४)’ या ओळीवरून काहीच कळत नाही. तिथे वर्गवारी हवी, तीही मोजकी. ऐंशी शब्दांचा टॅगमेघ, म्हणजे लहानमोठ्या अक्षरांतल्या विषयशब्दांचा पुंजका, दिसतो छान, पण त्यात शब्द शोधत बसायला कोणाला सवड नसते.

बाहेरच्या सेवेवर चालणारी विजेटे जपून घ्यावीत. ती दुसऱ्या सर्व्हरवरून स्क्रिप्ट आणतात, त्यामुळे पान जड होते आणि काही वेळा वाचकाचा मागही काढला जातो. शिवाय ती सेवा बंद पडली की चौकोन नुसताच उरतो. अनेक ब्लॉगांच्या नव्या पोस्ट एकाच जागी वाचण्याची गुगल रीडर ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. तीत ब्लॉगचे फीड, म्हणजे नव्या पोस्टचा आपोआप मिळणारा ओघ, जोडून देणारी बटणे त्यानंतरही कितीतरी ब्लॉगांवर तशीच लटकत होती. जिवंत विजेटही उलटू शकते. ‘ताज्या प्रतिक्रिया’त तीन वर्षांपूर्वीची ‘छान!’ सर्वांत वर दिसली, तर ब्लॉग ओस पडला आहे हे पाहुण्याला पहिल्याच नजरेत कळते. इतर ब्लॉगांच्या दुव्यांची यादी, म्हणजे ब्लॉगरोल, हा पट्टीचा सर्वांत आपुलकीचा भाग होता. वर्डप्रेसने डिसेंबर २०१२ मधील ३.५ आवृत्तीपासून नव्या स्थापनांमध्ये त्याची सोय लपवली. हाताने केलेली अशी यादी मात्र आजही ठेवण्याजोगी आहे.

मोबाइलने या पट्टीचे स्थानच बदलले. अरुंद पडद्यावर दोन स्तंभ मावत नाहीत, तेव्हा बहुतेक थीममध्ये, म्हणजे ब्लॉगच्या तयार मांडणीत, साइडबार मजकुराच्या खाली घसरतो, अनेकदा प्रतिक्रियांच्याही खाली. संगणकावर डोळ्यांसमोर असलेला परिचय फोनवर चाळीस प्रतिक्रिया ओलांडल्यावर भेटतो. त्यामुळे विजेटांचा क्रम फोनवर तपासूनच लावावा लागतो. वर्डप्रेसच्या ब्लॉक थीममध्ये तर विजेटांसाठी वेगळी राखीव जागाच नसते. तेच घटक ब्लॉक म्हणून पानात कुठेही बसवता येतात. त्यामुळे परिचयाच्या त्या दोन ओळी पुष्कळ जण आता पोस्ट संपते तिथेच, प्रतिक्रियांच्या वर ठेवतात.